शेतावरील प्रवासी तळ आणि पोच-रस्त्याची परवानगी

भिवंडी तालुका हा मूळचा भातशेतीचा तालुका. खाडीकाठची खारजमीन, कामवारी व तानसा नद्यांच्या काठची खाचरे आणि त्यांच्या वरच्या बाजूस असलेली माळजमीन व वरकस असे त्याचे स्वरूप आहे. गेल्या काही दशकांत या तालुक्यातील अनेक खाचरांवर गोदामे उभी राहिली. जेथे गोदाम पोहोचले नाही तेथे आता प्रवासी पोहोचू लागला आहे. वज्रेश्वरी, गणेशपुरी व अकलोली येथील देवस्थाने आणि उष्णोदकाची कुंडे यांच्याकडे मुंबई-ठाण्याकडील कुटुंबांचा ओढा पूर्वीपासूनच आहे. महाराष्ट्र शासनाने २०२० साली कृषी पर्यटनाचे आणि २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. कॅरॅव्हॅन म्हणजे झोपण्याची, स्वयंपाकाची व स्नानाची सोय असलेली मोटारगाडी, एक प्रकारे चाकांवरील बिऱ्हाडच होय. अशा गाड्यांना मुक्कामासाठी जागा, पाणी व वीज द्यावी आणि शेतीस जोड उत्पन्न मिळवावे, हा विचार काही शेतकऱ्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे.

तथापि अशा योजनेचे यशापयश बहुधा जागेवर ठरत नाही, ते जागेपर्यंत जाणाऱ्या वाटेवर ठरते. तंबू, नळ व शौचकूप यांवर खर्च करून झाल्यावर शेजाऱ्याने बांधावर काटेरी कुंपण घातले, अथवा महामार्गाच्या अधिकाऱ्यांनी जोडरस्ता बंद केला, तर केलेला सर्व खर्च वाया जातो. म्हणून रस्त्याचा प्रश्न आरंभीच सोडवणे अगत्याचे आहे. तो कसा सोडवावा, हे येथे क्रमाने सांगितले आहे. ज्यांना प्रवासी तळ करावयाचा नाही, केवळ शेतावर बैलगाडी किंवा ट्रॅक्टर न्यावयाचा आहे, त्यांनाही यातील बराचसा भाग उपयोगी पडेल.

तीन निरनिराळे प्रश्न

‘रस्त्याची परवानगी’ हा शब्दप्रयोग गावात सरसकट केला जातो. वस्तुतः त्यात तीन वेगवेगळे प्रश्न सामावलेले आहेत. पहिला, ज्या जमिनीवरून वाट जाते तीवरून जाण्याचा हक्क आहे काय? दुसरा, जमिनीचा नवा वापर करण्यास नियोजन प्राधिकरणाची संमती आहे काय? आणि तिसरा, आपली वाट ज्या सार्वजनिक रस्त्यास मिळते त्या रस्त्यास ती जोडण्यास त्याच्या मालक-खात्याची अनुज्ञा आहे काय? या तीन प्रश्नांची उत्तरे तीन ठिकाणी मिळतात. एका ठिकाणची मंजुरी दुसऱ्या ठिकाणी चालत नाही. पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी झाली म्हणजे शेजाऱ्याच्या बांधावरून जाण्याचा हक्क मिळाला, असे मुळीच नाही.

पहिला प्रश्न : वाटेचा हक्क

सर्वप्रथम गावनकाशा पाहावा. गावनकाशावर गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने व पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवलेला असतो. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट आणि हद्दीवरील गाडीमार्गाची साडेसोळा ते एकवीस फूट धरण्याची रीत आहे. आपल्या गटापर्यंत असा मार्ग नकाशावर असेल तर तो सार्वजनिक आहे, कोणाच्याही मेहेरबानीवर अवलंबून नाही. पुष्कळ ठिकाणी हे मार्ग नांगरून अथवा बांध सरकवून अरुंद झालेले आढळतात. अशा वेळी भूमी अभिलेख खात्याकडून मोजणी करून घेऊन तहसीलदारांकडे अतिक्रमण दूर करण्याचा अर्ज करावा.

नकाशावर मार्ग नसेल तर दोन भिन्न परिस्थिती संभवतात.

वहिवाटीची वाट पूर्वीपासून होती व कोणी ती आता अडवली, ही पहिली परिस्थिती. अशा वेळी मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ याच्या कलम ५ खाली तहसीलदारांपुढे दावा करता येतो. अडथळा झाल्याच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत हा दावा दाखल झाला पाहिजे. ‘पेरणी होऊ द्या, मग बोलू’, ‘सण जाऊ द्या, मग बसू’ असे म्हणत सहा महिने निघून जातात आणि सोपा उपाय हातचा जातो. समेटाचे बोलणे अवश्य करावे, परंतु तारखेवरही नजर ठेवावी.

वाट मुळात नव्हतीच, ही दुसरी परिस्थिती. तिच्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याचे कलम १४३ आहे. या कलमाखाली दुसऱ्याच्या जमिनीच्या हद्दीवरून, म्हणजे बांधावरून, वाट मिळावी असा अर्ज तहसीलदारांकडे करता येतो. शेतकऱ्यास आपल्या शेतात जाण्यासाठी वाजवी मार्गाची कितपत गरज आहे, हे पाहून तहसीलदार निर्णय देतात. हा निर्णय मान्य नसलेल्या पक्षास एक वर्षाच्या आत दिवाणी न्यायालयात दावा करता येतो. अर्जासोबत स्वतःच्या व लगतच्या सर्व गटांचे सातबारा उतारे, कच्चा नकाशा आणि लगतच्या खातेदारांची नावे व पत्ते जोडावेत. नोटीस न बजावता झालेला निर्णय पुढे टिकत नाही, म्हणून कोणाचेही नाव गाळू नये.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. कलम १४३ खाली मिळणारी वाट ही शेतीच्या गरजेपुरती असते. नांगर, बैलगाडी, ट्रॅक्टर, पेंढा व धान्य यांची ने-आण हा तिचा हेतू होय. त्याच वाटेवरून सुटीच्या दिवशी दहा-पंधरा मोटारी व बसएवढी मोठी कॅरॅव्हॅन नेऊ लागल्यास शेजाऱ्याची तक्रार निराधार म्हणता येणार नाही. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ याचेही तत्त्व असेच आहे. गरजेपोटी मिळालेली वाट त्या गरजेइतकीच असते, आणि हक्कदाराने शेजाऱ्याच्या जमिनीवरील भार स्वतःहून वाढवू नये. थोडक्यात, शेतीची वाट ही व्यवसायाची वाट नव्हे. प्रवासी तळासाठी शेजाऱ्याशी स्वतंत्र व्यवहारच केला पाहिजे.

असा व्यवहार कसा करावा?

मुद्रांकावर चार ओळींचे संमतिपत्र लिहून घेण्याची गावोगावी चाल आहे. असे संमतिपत्र देणारा माणूस हयात आहे व प्रसन्न आहे तोवरच त्याचा उपयोग होतो. कायमस्वरूपी वाटेचा हक्क हा दुय्यम निबंधकांकडे नोंदलेल्या दस्तानेच घ्यावा. दस्तात गट क्रमांक, वाटेची लांबी व रुंदी, ती कोणत्या वाहनांसाठी व कोणत्या वापरासाठी आहे आणि तिची दुरुस्ती कोणी करावयाची, हे स्पष्ट लिहावे. सोबत मोजणीचा नकाशा जोडावा. नंतर तलाठ्यांकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, अर्ज करून त्याची नोंद सातबाराच्या ‘इतर हक्क’ सदरी करून घ्यावी.

दस्तापूर्वी शेजाऱ्याचा सातबारा बारकाईने वाचावा. त्यावर बहिणी, पुतणे अशा सहहिस्सेदारांची नावे असल्यास त्या सर्वांची संमती लागते. घरातील कर्त्या पुरुषाचा अंगठा पुरेसा नाही. जमीन ‘भोगवटादार वर्ग २’ असल्यास सक्षम अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी आधी घ्यावी. ती आदिवासी खातेदाराची असल्यास अधिकच जपावे. अधिनियमाच्या कलम ३६-अ खाली आदिवासीची जमीन पूर्वमंजुरीशिवाय बिगर-आदिवासीस विकता, गहाण टाकता अथवा भाडेपट्ट्याने देता येत नाही. भिवंडी तालुक्यात वारली व कातकरी कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांच्या अज्ञानाचा फायदा घेऊन केलेला व्यवहार कायद्यातही टिकत नाही आणि माणुसकीलाही शोभत नाही.

वाटेपुरती जमीन विकत घेण्याचा मार्ग पूर्वी तुकडेबंदीच्या १९४७ च्या अधिनियमामुळे जवळजवळ बंद होता. २०२४ साली नियमांत दुरुस्ती होऊन विहीर, शेतरस्ता व घरकुल यांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वमंजुरीने प्रमाणभूत क्षेत्राहून कमी जमिनीचे हस्तांतर करण्याची वाट मोकळी झाली. मात्र असा शेतरस्ता जवळच्या इतर जमीनधारकांनाही खुला राहतो, हे लक्षात घेऊनच खरेदी करावी.

दुसरा प्रश्न : नव्या वापराची परवानगी

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ यानुसार ‘विकास’ म्हणजे केवळ इमारत बांधणे नव्हे. जमिनीच्या वापरात महत्त्वाचा बदल करणे हाही विकासच होय. म्हणून ‘आम्ही भिंत घातलेली नाही, गाड्या चाकांवरच उभ्या आहेत’ एवढ्या उत्तराने भागत नाही. भाताचे खाचर भरून त्यावर वाहनतळ करणे, शौचकूप व स्नानगृहे उभारणे या गोष्टींसाठी नियोजन प्राधिकरणास आधी विचारलेच पाहिजे. विनापरवानगी केलेला विकास काढून टाकण्याची नोटीस देण्याचा अधिकार प्राधिकरणास आहे.

भिवंडीत हे प्राधिकरण कोणते, याचा आधी शोध घ्यावा. नगर हद्दीत भिवंडी निजामपूर शहर महानगरपालिका, नगराभोवतालच्या अधिसूचित गावांत २००७ पासून मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आणि उर्वरित ग्रामीण भागात जिल्हाधिकारी, अशी सर्वसाधारण विभागणी आहे. शेजारशेजारच्या दोन गावांची कार्यालये वेगळी असू शकतात. म्हणून गट क्रमांक देऊन आपली जमीन कोणत्या विभागात, म्हणजे शेती, हरित, रहिवासी की अन्य विभागात येते, याचा दाखला प्रथम मागावा.

राज्यातील बहुतेक भागास २०२० सालची एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. तीत कोणत्या विभागात कोणता वापर चालेल आणि त्यासाठी पोच-रस्ता किती रुंद असावा, हे दिलेले आहे. अर्ज छाननीस येतो तेव्हा जमीन किती सुंदर आहे हे पाहिले जात नाही. तीपर्यंत कायदेशीर व पुरेसा रुंद रस्ता कागदोपत्री दाखवता येतो काय, हे पाहिले जाते. अग्निशामक बंब व रुग्णवाहिका आत जाऊन वळू शकते काय, हाही त्यामागील हेतू आहे. या अधिनियमाच्या कलम ४५ खाली परवानगी नाकारली गेली तर कलम ४७ खाली ४० दिवसांत शासनाकडे अपील करता येते. अकृषिक वापराविषयीचे महसुली नियम अलीकडे वरचेवर बदलले आहेत. त्यामुळे अर्जाच्या वेळी चालू असलेला नियम तहसील कचेरीतच विचारून घ्यावा.

तिसरा प्रश्न : सार्वजनिक रस्त्याशी जोड

आपली वाट कोणत्या रस्त्यास मिळते, यावर कोणाकडे अर्ज करावयाचा ते ठरते. ग्रामीण रस्ते सामान्यतः जिल्हा परिषदेकडे व राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. राष्ट्रीय महामार्गास जोड द्यावयाची असेल तर २००२ सालच्या राष्ट्रीय महामार्ग (जमीन व वाहतूक) नियंत्रण अधिनियमानुसार महामार्ग प्रशासनाची परवानगी आवश्यक आहे. मुंबई-नाशिक महामार्गावर पडघ्याच्या बाजूस ज्यांची शेते आहेत त्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. शेताचा बांध महामार्गास भिडला म्हणजे महामार्गावर गाडी काढण्याचा हक्क आपोआप मिळाला, असे होत नाही. ग्रामीण भागात राष्ट्रीय महामार्गाच्या मध्यरेषेपासून ४० मीटरपर्यंत इमारत रेषा व ७५ मीटरपर्यंत नियंत्रण रेषा धरण्याचा सामान्य प्रघात आहे. त्या अंतरात बांधकामाची आखणी करू नये.

समृद्धी महामार्गाची गोष्ट आणखी निराळी आहे. ७०१ किलोमीटरच्या या मार्गाचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि तो भिवंडी तालुक्यात आमणे येथे येऊन मिळतो. या मार्गावर नेमून दिलेल्या ठिकाणीच प्रवेश आहे. त्यालगत जमीन आहे म्हणून तेथे प्रवासी तळाचे फाटक काढता येईल, असे कोणी सांगितल्यास त्यावर विश्वास ठेवू नये.

वाट व पाणी

भातखाचरातून भराव घालून रस्ता केला की तो पावसाळ्यात बंधाऱ्याचे काम करतो. वरच्या बाजूचे खाचर तुंबते आणि खालच्या बाजूचे कोरडे पडते. ज्या कलम ५ खाली अडवलेली वाट मोकळी करता येते, त्याच कलमाखाली अडवलेले नैसर्गिक पाणीही मोकळे करता येते. म्हणजे रस्ता करणाराच उद्या प्रतिवादी ठरू शकतो. यास्तव पाण्याचे मूळचे उतार एका पावसाळ्यात पाहून ठेवावेत, त्या त्या जागी पुरेशा मोऱ्या घालाव्यात, दोन्ही बाजूंस गटारे काढावीत आणि मगच दगड व मुरूम पसरून दाबून घ्यावा. रस्त्याचा माथा मध्यभागी किंचित उंच ठेवावा.

एक उदाहरण

समजा, वज्रेश्वरीच्या बाजूस एका शेतकऱ्याची तीन एकर जमीन असून पैकी पुढची एक एकर रस्त्यालगत आहे. गोदामासाठी पुढच्या एकराला चांगला भाव येतो व तो ती विकतो. मागील दोन एकरांवर प्रवासी तळ करण्याचा त्याचा मानस असतो. खरेदीखतात वाटेचा उल्लेख नसतो. वर्षभरात पुढच्या मालकाची भिंत उभी राहते. स्वतःचीच जमीन विकून मागे कोंडल्या गेलेल्या माणसास कायदा गरजेची वाट नाकारत नाही. परंतु ती सिद्ध करण्यासाठी दिवाणी दाव्यात वर्षे जातात, आणि मिळाली तरी ती प्रवासी गाड्यांपुरती रुंद असेलच असे नाही. विक्रीच्या दिवशी वाटेपुरती पट्टी स्वतःकडे ठेवली असती, अथवा वाटेचा हक्क दस्तात लिहून घेतला असता, तर हे संकट टळले असते. पुढची जमीन विकताना मागच्या जमिनीची वाट विकली जाणार नाही, याची दक्षता प्रत्येकाने घ्यावी.

कार्यकर्त्यांसाठी क्रम

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी सल्ला विचारावयास आलेल्या शेतकऱ्यास पुढील क्रम सांगावा. प्रथम गावनकाशा, गटाचा नकाशा व सातबारा. नंतर मोजणी. त्यानंतर शेजाऱ्यांची बैठक आणि नोंदणीकृत दस्त, अथवा केवळ शेतीची वाट हवी असल्यास कलम १४३ चा अर्ज. मग विभागाचा दाखला व विकास परवानगी. त्यासोबतच रस्त्याच्या मालक-खात्याकडे जोडरस्त्याचा अर्ज. वाट वनजमिनीवरून जात असल्यास वन खात्याची मंजुरी. हे सर्व हाती आल्यावरच मुरमाची पहिली गाडी बोलवावी. २०२५ साली महसूल विभागाने शेतरस्ते ३ ते ४ मीटर रुंदीचे करण्याबाबत व त्यांची नोंद सातबाराच्या इतर हक्कात घेण्याबाबत निर्देश दिले आहेत. जुन्या वाटांची नोंद करून घेण्यास ही चांगली संधी आहे, तिचा लाभ घ्यावा.

प्रवासी येतील आणि जातील, शेजारी मात्र पिढ्यान्‌पिढ्या शेजारीच राहणार आहे. लावणीच्या दिवसांत गाड्यांची वर्दळ थांबवणे, रात्री कर्णे न वाजवणे, सांडपाणी दुसऱ्याच्या खाचरात न सोडणे आणि दुरुस्त झालेला रस्ता शेजाऱ्याच्या बैलगाडीसही खुला ठेवणे, या गोष्टी कोणत्याही अर्जात लिहाव्या लागत नाहीत. परंतु कागदावर मिळालेली वाट प्रत्यक्षात चालती राहते ती त्यांच्याच बळावर.