‘खर्च’ की ‘जाहीर खर्च’?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी विधानसभा उमेदवारांच्या खर्चाचे आकडे एक्सेलमध्ये भरले आणि रकान्याला नाव दिलं ‘प्रचार खर्च’. गाइडनी ते खोडून लिहिलं, ‘जाहीर खर्च’. तेव्हा किरकोळ वाटलं. पुढे त्या एका शब्दामुळे माझा संशोधन प्रश्नच बदलला.

महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख रुपयांची मर्यादा आहे. २०२२ पूर्वी ती ३०.८ लाख होती. ही मर्यादा फक्त उमेदवाराला. पक्षाच्या खर्चाला वरची हद्दच नाही! शिवाय हिशोब धरतात तो अर्ज भरल्यापासून निकालापर्यंतचा. त्याआधीचे दहीहंडीचे फ्लेक्स, आरोग्य शिबिरं? ती यात नाहीत.

पक्षाचा खर्च उमेदवाराच्या नावावर धरावा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये म्हटलं होतं. लगेच कायदाच बदलला गेला. २००३ च्या दुरुस्तीने ती सूट आवळली. आता ती मुख्यतः स्टार प्रचारकांच्या प्रवासाला मिळते. म्हणजे नेत्याचं हेलिकॉप्टर पक्षाच्या खात्यात. पण त्याच सभेत उमेदवार मंचावर बसला, की सभेच्या खर्चाचा वाटा त्याच्यावर चढतो.

आता आपल्या कामाचं. बऱ्याच प्रबंधांत जाहीर खर्च आणि मतं यांचा संबंध काढलेला असतो. अडचण अशी, की जो मर्यादेपलीकडे खर्च करतो त्यालाच तो लपवण्याची सर्वात जास्त गरज असते. त्यामुळे मोजमापातली चूक रँडम राहत नाही, आणि सँपल कितीही वाढवलं तरी ती जात नाही.

मग करायचं काय? उमेदवार पांढऱ्या, गुलाबी आणि पिवळ्या पानांची नोंदवही ठेवतो: रोजचा खर्च, रोकड, बँक. निवडणूक यंत्रणा समांतर छाया नोंदवही ठेवते. त्यात मंडप, खुर्च्या, गाड्या यांचे दर जिल्ह्याच्या दरसूचीप्रमाणे लावतात. निकालानंतर ३० दिवसांत उमेदवाराचा हिशोब येतो. त्यावरच्या जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याच्या छाननी अहवालात दोन्ही वह्यांमधली तफावत नोंदलेली असते. माझ्या मते खरा डेटा ही तफावतच आहे. पक्षांनाही ७५ दिवसांत आपलं विवरणपत्र द्यावं लागतं. पक्षाने उमेदवाराला दिलेली रक्कम तिथे दिसते. तीच उमेदवाराच्या हिशोबात तेवढीच दिसते का, ते जुळवून बघा.

सुरुवातीला एकच मतदारसंघ घ्या. कागद बहुतेक स्कॅन केलेले आणि हस्ताक्षरातले असतात, डोळे जातात अक्षरशः!