लवकर जिंकणारे गोल्फपटू टिकतात कशावर?

७ जुलै २०१९. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात 'थ्रीएम ओपन' स्पर्धेचा शेवटचा होल. ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीच्या, काठावरून सुमारे २६ फुटांचा पट (चेंडू होलकडे घरंगळवणारा फटका) मॅथ्यू वुल्फने थेट होलमध्ये घातला. ईगल झाला, म्हणजे त्या होलला ठरलेल्यापेक्षा दोन फटके कमी लागले, आणि एका फटक्याने तो जिंकला. वय अवघे वीस. जेमतेम महिन्यापूर्वी तो अमेरिकी विद्यापीठांचा वैयक्तिक विजेता झाला होता आणि ही स्पर्धा प्रायोजकांच्या आमंत्रणावर खेळत होता. एका फटक्याने मागे राहिलेल्यांत बावीस वर्षांचा कॉलिन मोरिकावा होता. तीनच आठवड्यांनी रीनोची बॅराकुडा स्पर्धा त्याने जिंकली. नॉर्वेचा व्हिक्टर होवलँड हा वुल्फचा ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठातला संघसोबती. तोही त्याच उन्हाळ्यात व्यावसायिक झाला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये प्वेर्तो रिको ओपन जिंकून मोकळा झाला. तेव्हा ही तिन्ही नावे एका दमात घेतली जात. पुढे तिघे तीन दिशांना गेले. का गेले, हे कळण्यासाठी आधी हा व्यवसाय चालतो कसा ते पाहावे लागेल.

पीजीए टूर या अमेरिकेतल्या मुख्य व्यावसायिक मालिकेतली नेहमीची स्पर्धा चार दिवसांची असते, रोज १८ होल. मोठ्या स्पर्धेत दीडशेच्या आसपास खेळाडू उतरतात. दोन दिवसांनंतर 'कट' लागतो. २०१९ च्या शरद ऋतूपासून पहिले ६५ आणि त्यांच्या बरोबरीचे तेवढे पुढे खेळू लागले. बाकीचे शुक्रवारी संध्याकाळी सामान आवरतात आणि त्यांना बक्षिसाच्या रकमेतला एक पैसाही मिळत नाही. प्रवास, हॉटेल, कॅडीचा पगार मात्र चालूच राहतो. स्पर्धा जिंकली की साधारण दोन वर्षे टूरचे कार्ड शाबूत राहते, म्हणजे खेळण्याचा हक्क पक्का. त्यामुळे लवकर मिळालेला विजय तरुण खेळाडूला पैशापेक्षाही मोलाची गोष्ट देतो, ती म्हणजे सवड.

पण एका विजयावरून खेळाडू किती चांगला हे कळते का? फारसे नाही. त्याचे गणित कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी मांडले. टूरवर प्रत्येक फटक्याचे अंतर लेसरने मोजून नोंदवले जाते. त्या नोंदींवरून कोणत्या जागेवरून होल संपवायला सरासरी किती फटके लागतात, हे काढता येते. उदाहरणार्थ, आठ फुटांचा पट टूरवरचे खेळाडू साधारण निम्म्या वेळा घालतात. म्हणजे तिथून सरासरी दीड फटका लागतो. पहिल्याच फटक्यात चेंडू आत गेला तर खेळाडूने अर्धा फटका कमावला, दोन लागले तर अर्धा गमावला. टीवरचा लांब फटका असो, ग्रीनवर चेंडू आणणारा आयर्नचा फटका असो की बंकरमधून सुटका असो, सगळे याच मापाने मोजता येते.

या मोजणीतून जे निघाले त्याने जुन्या समजुतीला धक्का दिला. सामने पटिंगवर जिंकले जातात, असे पिढ्यान् पिढ्या सांगितले जाई. ब्रॉडींच्या हिशेबात टूरवरच्या सर्वोत्तम खेळाडूंची आघाडी सुमारे ४० टक्के ग्रीनकडे जाणाऱ्या फटक्यांतून येते, टीवरच्या फटक्यांतून २८ टक्के आणि पटिंगमधून फक्त १५ टक्के. एखाद्या आठवड्यात पट पडत गेले की कोणीही करंडक उचलू शकतो, पण पुढच्या आठवड्यात ते तसेच पडतील याची खात्री नसते. पंचवीस फुटांचा पट टूरवर दहांतून जेमतेम एकदा आत जातो. वुल्फचा तो शेवटचा पट अप्रतिम होता, मात्र त्याच्या भरवशावर कारकीर्द उभी राहत नाही. आयर्नचा अचूक फटका आठवड्यामागून आठवडे सोबत राहतो. क्रिकेटमध्ये एका शतकावरून फलंदाज ओळखू नये, हंगामाची सरासरी पाहावी, तसेच हे आहे.

म्हणून तरुण गोल्फपटू टिकेल का, हे पाहायचे असेल तर मी त्याचा वाईट आठवडा पाहतो. सूर हरपलेला असताना तो दोन फटक्यांनी कट गाठतो की सात फटक्यांनी चुकवतो?

मोरिकावाचे उत्तर पहिल्या वर्षीच मिळाले. व्यावसायिक झाल्यापासून त्याने सलग २२ कट पार केले. या बाबतीत त्याच्या पुढे एकच नाव होते, २५ वाला टायगर वुड्स. मोरिकावा टीवरून फार लांब मारणारा नाही, पटिंगही त्याला कधी कधी दगा देते. पण आयर्नच्या फटक्यांत त्याच्या तोडीचे फार थोडे आहेत. ऑगस्ट २०२० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या हार्डिंग पार्कवर त्याने पीजीए चॅम्पियनशिप जिंकली, जुलै २०२१ मध्ये रॉयल सेंट जॉर्जेसवर ब्रिटिश ओपन, आणि तीही पहिल्याच प्रयत्नात. त्यानंतर मात्र पीजीए टूरवरचा पुढचा विजय यायला ऑक्टोबर २०२३ उजाडला. मधल्या काळात, जानेवारी २०२३ मध्ये, हवाईत अखेरच्या दिवशी सहा फटक्यांची आघाडी घेऊन उतरूनही तो जॉन राहमकडून हरला. तो संपला, असे त्या दोन वर्षांत कोणी म्हटले असेल तर ते चुकीचे होते. विजय थांबले होते, खेळ थांबला नव्हता. आघाडीच्या यादीत तो सतत दिसत होता.

होवलँडचे दुखणे वेगळे. ग्रीनच्या कडेवरचे छोटे चिप त्याला जमत नसत, आणि प्वेर्तो रिको जिंकल्यावर त्याने ते आढेवेढे न घेता सांगूनही टाकले. लांब खेळ उत्तम असल्याने चांगल्या आठवड्यात हे झाकले जाई. ग्रीन चुकू लागले की मात्र प्रत्येक चूक दुप्पट महाग पडे. जोसेफ मेयो या प्रशिक्षकाबरोबर त्याने नेमकी हीच दुखरी बाजू धरली. २०२३ मध्ये त्याचे फळ मिळाले: मेमोरियल, मग अखेरच्या दिवशी ६१ फटक्यांत १८ होल संपवून बीएमडब्ल्यू चॅम्पियनशिप, लगेच पुढच्या आठवड्यात टूर चॅम्पियनशिप आणि तिच्याबरोबर टूरच्या हंगामाचा फेडएक्स कप.

इथे तरुण खेळाडूंचा सर्वांत मोठा सापळा येतो. शिखरावर असताना होवलँडने प्रशिक्षक बदलला आणि स्विंगमधल्या हालचालींचा शोध पुन्हा सुरू केला. २०२४ त्याला जड गेले, आणि त्या वर्षात तो मेयोकडे परतलाही. स्विंग सुधारण्यात पाप नाही, टायगर वुड्सने तो अनेकदा बदलला आणि जिंकलाही. पण स्विंग बदलताना मधला बराच काळ असा जातो की जुने विसरलेले असते आणि नवे अंगात मुरलेले नसते. शेवटच्या होलवर, दडपणाखाली, शरीर नेमके कोणते ऐकेल ते सांगता येत नाही. मार्च २०२५ मध्ये लागोपाठ तीन कट चुकवून होवलँड फ्लोरिडाला वाल्सपार स्पर्धेसाठी आला आणि ती जिंकला.

वुल्फबद्दल लिहिताना मला हळहळ वाटते. नितंबाच्या झटक्याने सुरू होणारा त्याचा स्विंग कुणासारखाच नव्हता, आणि तो बदलायची सक्ती त्याला कुणी केली नाही हे चांगलेच झाले. सप्टेंबर २०२० मध्ये विंग्ड फूटवर यूएस ओपनच्या अखेरच्या दिवशी तो दोन फटक्यांनी पुढे होता. मग ७५ फटके लागले आणि ब्रायसन डिशॅम्बोमागे तो दुसरा आला. एकवीस वर्षांच्या मुलासाठी हे मोठेच यश होते. पण त्याच्या खेळात शिखरे उंच आणि दऱ्या खोल. वाईट आठवडे अंगावर आले तसे मनही खचत गेले. २०२१ मध्ये त्याने सुमारे दोन महिने खेळ थांबवला आणि आपल्या मानसिक त्रासाबद्दल मोकळेपणाने बोलला. परतल्यावर यूएस ओपनमध्ये तो संयुक्त पंधरावा आला, ऑक्टोबरमध्ये लास वेगासला दुसरा. २०२२ मध्ये तो लिव्ह गोल्फ या प्रतिस्पर्धी मालिकेत गेला. तिथे तेव्हा ५४ होलची स्पर्धा असे, कट नसे आणि शेवटच्यालाही पैसे मिळत. वाईट आठवड्याने पोळलेल्या माणसाला ती सोय हवीशी वाटली, तर त्यात नवल ते काय!

आपल्याकडेही हाच धडा आहे. शुभंकर शर्माने वयाच्या एकविसाव्या वर्षी डिसेंबर २०१७ आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये युरोपियन टूरच्या दोन स्पर्धा जिंकल्या. मार्चमध्ये मेक्सिकोतल्या जागतिक स्पर्धेत तिसऱ्या दिवसअखेर तो आघाडीवर होता. तिथे तो संयुक्त नववा आला, आणि पुढची अनेक वर्षे त्या टूरवरचा विजय त्याला हुलकावणी देत राहिला. पण त्याने कार्ड राखले, आणि २०२३ च्या ब्रिटिश ओपनमध्ये संयुक्त आठवा आला. पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी २०१५ च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये संयुक्त पाचवा आला तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. २०२२ मध्ये प्लेयर्स चॅम्पियनशिपमध्ये तो एका फटक्याने दुसरा आला, तेव्हा चौतीसचा.

एखादा विशीतला भारतीय खेळाडू परदेशात जिंकला की आपण त्याला डोक्यावर घेतो आणि सहा महिन्यांत पुढचा करंडक मागतो. त्याऐवजी दोन हंगाम थांबा, त्याने किती कट पार केले ते मोजा, आणि ग्रीनकडे जाणारे त्याचे फटके कसे आहेत ते पाहा. ते चांगले असतील, तर करंडक नसले तरी त्याची साथ सोडू नका.