शाळा बंद असताना बालकाचे गृहशिक्षण : एक विवेचन

शाळा दीर्घ काळ बंद पडली असता प्राथमिक वर्गांतील मुलांचे अध्ययन घरी कसे चालू ठेवावे, हा प्रश्न वरवर पाहता साधनांचा वाटतो. पाठ मुलापर्यंत पोहोचविण्याचे साधन मिळाले की प्रश्न सुटला, अशी समजूत सर्वत्र आढळते. परंतु रोगाच्या साथींमुळे ओढवलेल्या अशा प्रसंगांचे परिशीलन केले असता ही समजूत अपुरी असल्याचे दिसून येते. पाठ घरी पोहोचविणे हे कार्याचे एक अंग होय. मुलाने त्या पाठाचे काय केले हे कोणीतरी पाहणे व त्यानुसार पुढील पायरी ठरविणे, हे दुसरे अंग होय. पहिले अंग साधले आणि दुसरे राहून गेले तर काय घडते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

हा भेद एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. तिसरीतील मुलाला ५२ मधून ३८ वजा करावयास सांगितले असता तो पुष्कळदा २६ असे उत्तर लिहितो. येथे त्याचा वेंधळेपणा नसून एक ठरावीक समज असतो. प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक काढावयाचा, असे त्याने मनाशी ठरविलेले असते. म्हणून तो ५ मधून ३ आणि ८ मधून २ काढतो. हातच्याच्या वजाबाकीचा पाठ कितीही सुबोध असला, तरी तो ऐकून हे मूल आपली रीत सोडीलच असे नाही. कारण आपले चुकते आहे हेच त्याला ठाऊक नसते. वर्गातील शिक्षक पाटीवर नजर टाकतो, “हे कसे केलेस?” असे विचारतो आणि एका क्षणात चुकीचे मूळ त्याच्या हाती लागते. शाळा बंद होते तेव्हा मूल मुख्यतः या नजरेला आणि या प्रश्नाला मुकते.

साधनांच्या बळावर ही उणीव भरून काढण्याचा एक जुना व मोठा प्रयत्न अमेरिकेतील शिकागो शहरात झाला. सप्टेंबर १९३७ मध्ये बालपक्षाघाताच्या साथीमुळे तेथील शाळा उघडणे लांबणीवर पडले. तेव्हा शिक्षणाधीक्षक विल्यम जॉन्सन यांच्या कारकिर्दीत तिसरी ते आठवीच्या तीन लक्षांहून अधिक मुलांसाठी नभोवाणीवरून पाठ सुरू करण्यात आले. पाठ सुमारे पंधरा मिनिटांचे असत. समाजशास्त्र व विज्ञान यांना आठवड्यातील तीन दिवस आणि इंग्रजी व गणित यांना उरलेले तीन दिवस दिलेले होते. वेळापत्रक व प्रश्न वृत्तपत्रांतून छापून येत. पालकांच्या शंकांसाठी दूरध्वनीवर शिक्षक बसविले होते, आणि पहिल्याच दिवशी सहस्राहून अधिक शंका आल्याने त्यांची संख्या वाढवावी लागली. ही घटना लक्षणीय आहे. नभोवाणीने पाठ घरोघरी नेला; परंतु पाठ संपताच घरातून प्रश्न उठले, आणि त्यांची उत्तरे देण्यासाठी माणसेच लागली. ही योजना तीन आठवड्यांच्या आत संपली, म्हणून तिच्या मर्यादांची खरी कसोटी लागली नाही.

ती कसोटी कोविडच्या साथीने लावली. महाराष्ट्रात मार्च २०२० च्या मध्यास शाळा बंद झाल्या. पहिली ते चौथीचे वर्ग डिसेंबर २०२१ पर्यंत भरू शकले नाहीत. याचा अर्थ असा की, जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेल्या मुलाने वर्गात प्रथम पाऊल ठेवले तेव्हा त्याची निम्मी दुसरी संपत आली होती. या काळात ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ हे सूत्र धरून अनेक उपाय योजण्यात आले. सह्याद्री वाहिनीवर जुलै २०२० पासून पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका दाखविण्यात आली. सोलापूरच्या नीलमनगर भागात घरांच्या भिंतींवर पाठ रंगविण्यात आले, तर काही गावांत ध्वनिक्षेपकावरून पाठ ऐकविण्यात आले. या प्रयत्नांमागील कल्पकता व कळकळ निर्विवाद आहे. तथापि भिंत आणि ध्वनिक्षेपक मुलाची पाटी पाहू शकत नाहीत. तेथे शिक्षक हजर असेल तरच ते काम होते.

ग्रामीण भारतापुरते या परिस्थितीचे चित्र ‘असर’ या पाहणीतून मिळते. सप्टेंबर २०२० च्या पाहणीत शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी सुमारे ६२ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. परंतु पाहणीच्या आधीच्या आठवड्यात शाळेकडून काही अध्ययनसाहित्य मिळालेली मुले जेमतेम ३६ टक्के होती. उपकरण घरात असणे आणि शिक्षण घरात येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे यावरून उघड होते. परिणामही पुढे दिसून आला. तिसरीतील ज्या मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येतो त्यांचे प्रमाण २०१८ मध्ये सुमारे २७ टक्के होते, ते २०२२ मध्ये २०.५ टक्क्यांवर आले. वजाबाकीतील घट मात्र तुलनेने थोडी, म्हणजे सुमारे २८ वरून २६ टक्क्यांपर्यंत होती.

आता दुसऱ्या अंगाकडे वळू. बोट्स्वाना देशात २०२० मध्ये सुमारे साडेचार हजार कुटुंबांवर एक यादृच्छिक प्रयोग करण्यात आला. त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. तिसरी ते पाचवीच्या मुलांचे तीन गट पाडण्यात आले होते. एका गटाला दर आठवड्यास भ्रमणध्वनीवर गणिताचे लघुसंदेश पाठविले गेले. दुसऱ्याला लघुसंदेशांबरोबरच शिक्षकाचा पंधरा-वीस मिनिटांचा दूरध्वनी येई, आणि त्या वेळी पालक व मूल दोघे एकत्र बसून उदाहरण सोडवीत. तिसऱ्या गटाला यांपैकी काहीच दिले गेले नाही. केवळ संदेश मिळालेल्या गटात सांख्यिकीय दृष्ट्या दखलपात्र सुधारणा आढळली नाही. संभाषणाची जोड मिळालेल्या गटाची प्रगती मात्र ०.१२ प्रमाण विचलनाइतकी अधिक होती. आपल्या पाल्याची पातळी नेमकी कोणती, याविषयीचा पालकांचा अंदाजही अधिक अचूक झाला.

यावरून दूरध्वनी हा हमखास उपाय आहे असे अनुमान काढणे घाईचे ठरेल. सिएरा लिओनमध्ये त्याच साथीच्या काळात शिक्षकांनी मुलांना नियमित दूरध्वनी केले. तेथे मुलांचा अध्ययनातील सहभाग वाढला, परंतु भाषा व गणित यांतील गुणांत फरक पडला नाही. तात्पर्य, संभाषण आवश्यक असले तरी ते पुरेसे असतेच असे नाही. त्या संभाषणात मुलाने स्वतः उदाहरण सोडविले काय, त्याची चूक कोणाच्या दृष्टीस पडली काय, आणि पुढचे उदाहरण त्या चुकीला अनुसरून दिले गेले काय, हे पाहणे अगत्याचे आहे.

येथे एक आक्षेप सहज येईल : ज्या घरी आईवडील लिहिणेवाचणे जाणत नाहीत, तेथे हे काम कोणी करावे? उपर्युक्त २०२० च्या पाहणीत, ज्यांचे आईवडील पाचवीपलीकडे शिकलेले नव्हते अशा मुलांपैकीही निम्म्याहून अधिक मुलांना घरातील कोणाची तरी मदत मिळत होती; आणि अशा घरी थोरल्या भावंडांचा वाटा मोठा होता. मदतीची इच्छा होती. उणीव होती ती काय करावे याच्या नेमक्या सूचनेची. पूर्वीचेच उदाहरण घेऊ. निरक्षर आईसही ५२ चिंचोके मांडून, दहा-दहांचे पाच ढीग व सुटे दोन अशी त्यांची वाटणी करून, मुलाकडून ३८ बाजूस काढविता येतात. सुटे दोनच आहेत आणि हवे आहेत आठ, हे दिसताच एक ढीग मोडणे भाग पडते. हातचा म्हणजे काय, हे तेथे डोळ्यांना दिसते. आणि उरलेले चिंचोके १४ आहेत, २६ नव्हेत, हे मूल स्वतः मोजून पाहते. वाचनाच्या बाबतीत मुलाने मोठ्याने वाचावे व वाचलेले आईला आपल्या शब्दांत सांगावे. सांगताना ते कोठे अडते हे ऐकण्यास साक्षरतेची अट नाही. शिक्षकाने आठवड्यातून एकदा अशी एकच कृती सुचवावी व पुढच्या खेपेस तिचे काय झाले ते विचारावे. हा क्रम अल्प खर्चाचा आहे, मात्र त्यात खंड पडू देऊन चालत नाही.

साथ ओसरली तरी हा विषय संपलेला नाही. पूर, उष्म्याची लाट, स्थलांतर अशा कारणांनी शाळा आणि मूल यांची ताटातूट होतच राहणार. आपल्या विभागातील संशोधकांनी याकडे वळावे, अशी विनंती आहे. मराठी घरात मूल अडले असता प्रथम कोणाकडे जाते, ती व्यक्ती त्याला काय सांगते, आणि शिक्षकाची कोणती सूचना त्या व्यक्तीस खरोखर उपयोगी पडते, यांची सूक्ष्म निरीक्षणे प्रत्यक्ष घरी जाऊन नोंदविली पाहिजेत. पुढील वेळी शाळेचे दार बंद होईल तेव्हा पाठ पोहोचविण्याची साधने पूर्वीहून अधिक असतील. पहिलीतल्या मुलाची पाटी कोण पाहणार, हे मात्र आधीच ठरलेले असावे लागेल.