लॉगिनची स्क्रीन बदलली? आधी फॉरमॅट नको

गावचा संगणक : भाग ९

मागच्या भागात संगणक संथ का होतो ते पाहिलं. आज बीड जिल्ह्यातल्या सेवा केंद्रांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत घाबरवून सोडणारी एक अडचण घेऊ. काल नीट चाललेल्या संगणकावर आज लॉगिनची स्क्रीन वेगळीच दिसते. नेहमीचं चित्र नसतं, पासवर्डआधी कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबायला सांगितलं जातं, किंवा 'शट डाउन'चा पर्यायच गायब असतो. मग केज असो की गेवराई, सल्ला एकच मिळतो : "फॉरमॅट मारून घ्या."

या सल्ल्याला माझा ठाम विरोध आहे. घाईत फॉरमॅट मारला की दाखल्यांच्या आणि पीक विम्याच्या स्कॅन करून ठेवलेल्या फायली जातात, आणि कारण मात्र कळत नाही. तेच सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं की तीच अडचण पुन्हा उभी राहते.

लॉगिन आणि शटडाउन या दोन्ही स्क्रीन कधीकधी एकदमच बदलतात, त्याला कारण आहे. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीत या दोन्हींचा कारभार 'जिना' नावाच्या एकाच घटकाकडे होता. बोटाच्या ठशाने लॉगिन करून देणारं किंवा ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारं एखादं सॉफ्टवेअर त्याच्या जागी स्वतःचा घटक बसवायचं. तसं झालं की चित्रांची स्वागत-स्क्रीन जाऊन नाव-पासवर्डची जुनी चौकट यायची आणि बंद करण्याची खिडकीही जुन्या पद्धतीची व्हायची. व्हिस्टापासून 'जिना' गेला. आता अशी सॉफ्टवेअर लॉगिनचा आपला वेगळा पर्याय शेजारी जोडतात. 'शट डाउन' लपवण्याची सेटिंग मात्र आजही विंडोजमध्ये आहे. संगणक एखाद्या संस्थेच्या नेटवर्कला जोडलेला असेल, तर ती तिथूनही लागू होते. तेव्हा आधी तिथल्या संगणक विभागाला विचारा.

घरच्या किंवा दुकानातल्या संगणकावर मात्र क्रमाने जा. पहिलं, 'रीस्टार्ट' करा. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल, तर 'शट डाउन' केल्यावरही विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो. 'रीस्टार्ट'मध्ये सगळं नव्याने सुरू होतं.

दुसरं, स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप करून 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' उघडा. कोणत्या तारखेला कोणतं सॉफ्टवेअर किंवा अपडेट आलं, काय बंद पडलं, हे तिथे दिवसवार दिसतं. "मी काहीच केलं नाही" म्हणणाऱ्यांना उत्तर बहुधा इथेच सापडतं.

तिसरं, संशयित सॉफ्टवेअर काढून टाका. तेवढ्याने भागलं नाही तर 'सिस्टिम रिस्टोर'ने आधीच्या तारखेवर जा. ही सोय आधीपासून चालू असायला हवी. तिने तुमच्या फायलींना धक्का लागत नाही, पण त्या तारखेनंतर टाकलेली सॉफ्टवेअर जातात.

तीन प्रसंगी जास्त सावध राहा. तात्पुरत्या प्रोफाइलने लॉगिन झाल्याचा संदेश आला, तर तिथे एकही फाइल ठेवू नका, कारण साइन आउट करताच ती पुसली जाते. बंद होताना अपडेट चालू असेल, तर वीज तोडू नका. आपल्याकडे वीज कधीही जाते, म्हणून तेव्हा संगणक इन्व्हर्टरवर असलेला बरा. आणि स्क्रीनवर पैसे मागितले किंवा एखाद्या फोन नंबरवर 'मदत' देऊ केली, तर ती फसवणूक समजा. इंटरनेट तोडा, त्या नंबरवर फोन करू नका. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवा.

विंडोज १० चा नियमित मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. अनेक जण आता विंडोज ११ घेतील आणि त्यांच्या स्क्रीन बदलतीलच. तो बिघाड नाही.

वाचकांना एकच विनंती : तंत्रज्ञाला बोलावण्याआधी बदललेल्या स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढा, आदल्या दोन-तीन दिवसांत काय टाकलं ते वहीत लिहा आणि दोन्ही त्याच्यापुढे ठेवा. फॉरमॅट हा शेवटचा उपाय आहे, आणि तोही बॅकअप घेतल्यावरच. बॅकअप कसा घ्यायचा, ते पुढच्या आठवड्यात.