बळ आणि शक्ती : आखाड्यातले पदार्थविज्ञान

छत्रपती संभाजीनगरच्या आमच्या महाविद्यालयातील एका विद्यार्थ्याने एकदा मला विचारले, "सर, मी रोज पाचशे बैठका मारतो. तरी माझ्याहून हलका गडी मला चीत करतो. असे का व्हावे?"

बोलताना आपण बळ आणि शक्ती हे शब्द एकाच अर्थाने वापरतो. पदार्थविज्ञानात मात्र ते भिन्न आहेत. बल म्हणजे ओढणे किंवा ढकलणे. शक्ती म्हणजे कार्य करण्याचा दर.

समजा, तुमचे वस्तुमान ५० किलोग्रॅम आहे आणि बैठकीतून उठताना शरीराचा गुरुत्वमध्य ०.४ मीटर वर जातो. मग कार्य झाले ५० × ९.८ × ०.४ = १९६ ज्यूल. उठायला २ सेकंद लागले, तर सरासरी शक्ती ९८ वॅट. अर्ध्या सेकंदात उठलात, तर ३९२ वॅट, म्हणजे अर्ध्या अश्वशक्तीहून अधिक! कार्य तेवढेच, शक्ती मात्र चौपट.

कुस्तीत प्रतिस्पर्ध्याचा तोल जातो तो क्षणभरच. तेवढ्यात जोर लावता आला, तरच डाव बसतो. संथपणे मारलेल्या पाचशे बैठकांनी दम वाढतो; चपळाई त्या प्रमाणात वाढत नाही.

मग सगळेच झपाट्याने करावे काय? तसेही नाही. स्नायू जितक्या वेगाने आकुंचन पावतो, तितके त्याचे बल घटते, हे ए. व्ही. हिल या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९३८ साली दाखवले. शक्ती म्हणजे बल गुणिले वेग. म्हणून स्नायूची शक्ती सर्वाधिक असते ती कमाल बलाच्या सुमारे एक तृतीयांश बलावर. तेव्हा जड वजनाने बळ कमवावे आणि हलक्या वजनाने, उड्यांनी वेग कमवावा. दोन्ही हवेत.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. या लहान चणीच्या मल्लाला लोक 'पॉकेट डायनॅमो' म्हणत, ते उगीच नव्हे!

तुम्हीही घड्याळ लावून आपली शक्ती मोजून पाहा. मात्र आधी बैठक नीट बसू द्या, मग वेग वाढवा; आणि गुडघा दुखू लागला, तर लगेच थांबा. वस्ताद घाई करू देत नाहीत, त्यामागेही शास्त्रच आहे.