मूल आईचं, म्हणून गुलाम

१६५५ साल. व्हर्जिनिया ही अजून इंग्लंडची वसाहत होती. तिथल्या नॉर्थम्बरलंड काउंटीत कर्नल मॉट्रम नावाचा मळेवाला वारला आणि त्याच्या मिळकतीचा हिशेब सुरू झाला. त्या हिशेबात एलिझाबेथ की नावाची पंचविशीतली बाई आणि तिचं लहानगं मूल, दोघांनाही गुलाम म्हणून धरलं गेलं. एलिझाबेथ कोर्टात गेली. मी गुलाम नाही, माझा बाप गोरा इंग्रज होता, असा तिचा दावा होता.

बाप होता टॉमस की, वसाहतीच्या विधिमंडळाचा सदस्य. आई आफ्रिकेतून आणलेली गुलाम बाई. टॉमसने मरण्याआधी मुलीला एका ओळखीच्या माणसाच्या हवाली केलं होतं, नऊ वर्षांच्या चाकरीच्या बोलीवर. पुढे ती मॉट्रमच्या हाती गेली. चाकरीची मुदत मात्र कधीच उलटून गेली होती. कोर्टात ऐंशीच्या घरातली एक म्हातारी साक्षीला आली. टॉमसमुळे त्याच्या गुलाम बाईला दिवस गेले होते आणि त्याबद्दल त्याला दंड झाला होता, हे तिने शपथेवर सांगितलं. गावात जे सगळ्यांना ठाऊक होतं ते अखेर कागदावर आलं. एलिझाबेथची बाजू लढवत होता विल्यम ग्रिनस्टेड, कायद्याची जाण असलेला तरुण इंग्रज. तिच्या मुलाचा बाप तोच.

त्यांचे मुद्दे तीन होते. इंग्लंडच्या रिवाजानुसार मुलाला बापाचा दर्जा मिळतो, हा पहिला. दुसरा, तिचा बाप्तिस्मा झालेला आहे. आणि तिसरा, चाकरीची मुदत संपलेली आहे. पहिला मुद्दा आपल्याला सांगायलाच नको. आपल्याकडे नावाच्या मधोमध बाप ठाण मांडून बसलेला असतो. निकाल उलटसुलट लागले, पण १६५६ मध्ये एलिझाबेथ सुटली आणि तिने ग्रिनस्टेडशी लग्न केलं.

इथवरची गोष्ट कुणालाही आवडेल. मला थक्क करतं ते पुढचं. सहाच वर्षांनी, १६६२ मध्ये, व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने कायदा केला: मूल गुलाम की स्वतंत्र, हे त्याच्या आईवरून ठरेल. इंग्रजांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली बापाची परंपरा एका कलमात उलटी केली. रोमन कायद्यातलं एक जुनं सूत्र त्यासाठी कामी आलं. जनावरांच्या पिलांची मालकी त्याच सूत्राने ठरायची. पुढे १६६७ मध्ये बाप्तिस्म्याने गुलामी सुटत नाही असाही कायदा आला. एलिझाबेथ ज्या दारांतून बाहेर पडली होती त्यांतली दोन तिच्यामागे बंद झाली होती.

बायकांच्या हक्कांच्या दृष्टीने पाहिलं तर हा प्रकार फारच चमत्कारिक आहे. त्या काळच्या इंग्रज बाईला लग्नानंतर स्वतःच्या नावावर मिळकत ठेवता येत नसे. मुलांवर कायद्याने हक्क बापाचा. आणि गुलाम बाईच्या बाबतीत मात्र तोच कायदा म्हणतो, वंश आईचा! तिला त्यातून काडीचाही हक्क मिळाला नाही, मालकाला मात्र तिच्या पोटी जन्मणारं प्रत्येक मूल फुकट मिळालं. ते मूल मालकाचंच असलं तरी बापाची जबाबदारी शून्य. उलट बाजूही मळेवाल्यांनी सोडली नाही. गोऱ्या बाईला काळ्या पुरुषापासून मूल झालं तर या नियमाने ते स्वतंत्र ठरायचं. म्हणून १६९१ च्या कायद्याने अशा अविवाहित आईला १५ पौंड दंड लावला. तो भरता आला नाही तर पाच वर्षांची सक्तीची चाकरी. मुलाने तिसाव्या वर्षापर्यंत राबायचं. सव्वाशे वर्षांनी टॉमस जेफरसनने एका पत्रात मळ्याचं गणित उघड मांडलं: दर दोन वर्षांनी मूल देणारी बाई ही उत्तमातल्या उत्तम गड्यापेक्षा फायद्याची.

होय, तोच जेफरसन. सगळी माणसं समान जन्मतात असं १७७६ च्या जाहीरनाम्यात लिहिणारा, पुढे अमेरिकेचा तिसरा राष्ट्राध्यक्ष झालेला. त्याच्या मॉन्टिसेलोच्या घरात या कायद्याची तीन पिढ्यांची कहाणी नांदत होती.

पहिली एक आफ्रिकन बाई. तिला हेमिंग्ज नावाच्या इंग्रज जहाज कप्तानापासून एलिझाबेथ नावाची मुलगी झाली. कप्तान मुलगी विकत घ्यायला आला, पण मालक जॉन वेल्सने ती दिली नाही. असं मिश्र रक्ताचं मूल पुढे कसं निघतं हे त्याला पाहायचं होतं, अशी आठवण त्या घराण्यात चालत आली. ही एलिझाबेथ मोठी झाली आणि तिला त्याच वेल्सपासून मुलं झाली. त्यांतली एक सॅली, जन्म १७७३. वेल्सची लग्नाची मुलगी मार्था जेफरसनची बायको. म्हणजे सॅली ही जेफरसनची सावत्र मेहुणी आणि त्याची मालमत्ताही, कारण सासरा वारल्यावर हेमिंग्ज कुटुंब वारशात त्याच्याकडे आलं होतं.

मार्था १७८२ मध्ये गेली. जेफरसन पॅरिसमध्ये अमेरिकेचा राजदूत म्हणून राहत असताना, १७८७ मध्ये, त्याच्या धाकट्या मुलीची सोबत म्हणून चौदा वर्षांच्या सॅलीला तिकडे धाडलं गेलं. तो चव्वेचाळिशीचा. सॅलीचा मुलगा मॅडिसन याने पुढे सांगितलेली हकिगत अशी: १७८९ मध्ये परत निघायची वेळ आली तेव्हा ती गरोदर होती आणि तिने यायला नकार दिला. फ्रान्समध्ये अर्ज करून तिला सुटता आलं असतं. सोळा वर्षांच्या त्या मुलीने अट घातली, होणाऱ्या मुलांना एकविसाव्या वर्षी मोकळं करायचं. जेफरसनने शब्द दिला, मग ती आली. याला प्रेमकथा म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. एकाच्या हातात दुसऱ्याचा देह, घर, आई, भावंडं सगळं असताना ‘प्रेम’ कुठून मोजायचं? पण त्या अटीची अक्कल पाहा. कायद्याने आईच्या पोटी गुलामी बांधली होती, तर तिने सौदाही नेमका त्याच पोटावर केला.

जेफरसनची मळ्याची वही आजही आहे. १८१० च्या यादीत सॅली, पुढे ७३. तिच्याखाली बेव्हर्ली ९८, हॅरिएट ०१, मॅडिसन ०५, एस्टन ०८. नावं आणि जन्मसालं. कुणाला किती कापड, कुणाला घोंगडी, सगळं टिपणारा हा माणूस या चौघांच्या बापाबद्दल गप्प आहे. १८१५ मध्ये फ्रान्सिस ग्रे नावाच्या गृहस्थाने त्याला विचारलं, कायद्याने माणूस मिश्र रक्ताचा कधी ठरतो? जेफरसनने चक्क बीजगणित मांडून उत्तर दिलं. अर्धा, पाव, एक-अष्टमांश. तिसऱ्या मिश्रणानंतर काळं रक्त धरायचं नाही. पण आई गुलाम असेल तर मूल गुलामच, हेही सोबत लिहिलं. सॅलीच्या मुलांमध्ये आफ्रिकन अंश होता नेमका एक-अष्टमांश. त्याच्याच समीकरणाने त्याच्या घरात चार गोरे गुलाम वाढत होते.

शब्द मात्र त्याने पाळला. बेव्हर्ली आणि हॅरिएट १८२२ च्या सुमारास मॉन्टिसेलोतून निघून गेले. हॅरिएटच्या हातात मुकादमाने, जेफरसनच्या सांगण्यावरून, ५० डॉलर आणि फिलाडेल्फियाचं गाडीभाडं ठेवलं. मॅडिसन आणि एस्टन १८२६ च्या मृत्युपत्राने सुटले. सॅलीचं नाव त्या मृत्युपत्रात नाही. जेफरसनच्या मुलीने तिला नुसतं जाऊ दिलं. इतरांचं काय झालं? कर्ज फेडण्यासाठी जानेवारी १८२७ मध्ये १३० माणसं लिलावात निघाली.

आता या गोष्टीतला कादंबरीचा भाग. जेफरसन-सॅलीची कुजबुज १८०२ पासून छापून येत होती. १८५३ मध्ये विल्यम वेल्स ब्राउनने लंडनमध्ये ‘क्लोटेल’ प्रसिद्ध केली. आफ्रिकन-अमेरिकन लेखकाची ही पहिली छापील कादंबरी मानतात. तिच्यात राष्ट्राध्यक्षाची मुलगी लिलावात उभी राहते. ब्राउन स्वतः गुलामीतून पळालेला, बाप गोरा, मालकाचाच नातेवाईक. आईला बरोबर घेऊन पळताना दोघं पकडले गेले आणि आई दक्षिणेत विकली गेली. त्याने हे सगळं कल्पनेने रचलं असं कोण म्हणेल? पुढे अमेरिकेत आवृत्ती निघाली तेव्हा राष्ट्राध्यक्षाच्या जागी एक सिनेटर आला.

मॅडिसनची हकिगत ओहायोतल्या एका वृत्तपत्राने १८७३ मध्ये छापली. त्याच वर्षी इकडे पुण्यात जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध करून ती गुलामांची मुक्तता करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केली. इकडे तिकडच्या मुक्तीचं कौतुक होत असताना तिकडच्या इतिहासकारांनी मॅडिसनची साक्ष मोडीत काढली आणि पुढची शंभर वर्षं ती तशीच पडून राहिली. १९७९ मध्ये शिल्पकार आणि लेखिका बार्बरा चेस-रिबू यांनी ‘सॅली हेमिंग्ज’ ही कादंबरी लिहिली. जेफरसनच्या अभ्यासकांना ती झोंबली. १९९७ मध्ये ॲनेट गॉर्डन-रीड या कायद्याच्या प्राध्यापिकेने जुने पुरावे वकिली पद्धतीने तपासून दाखवलं, की जेफरसनच्या गोऱ्या नातेवाइकांचं म्हणणं चिकित्सा न करता मानलं गेलं आणि मॅडिसनचं तसंच झटकलं गेलं.

पुढच्याच वर्षी डीएनए चाचणी झाली. पुरुषाचं वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं जातं. जेफरसनला बायकोपासून झालेला एकही मुलगा जगला नव्हता, म्हणून त्याच्या काकाच्या वंशातल्या पुरुषांचे नमुने घेतले. एस्टनच्या वंशजाशी ते जुळले. घरच्यांनी इतकी वर्षं जेफरसनच्या ज्या भाच्यांवर बोट ठेवलं होतं त्यांच्या वंशाशी मात्र एस्टनच्या वंशजाचा नमुना जुळला नाही. चाचणी जेफरसन घराण्यापर्यंत नेते, अमुकच माणूस असं सांगत नाही. पण तारखा आणि मॅडिसनची साक्ष जोडल्यावर २००० मध्ये मॉन्टिसेलो सांभाळणाऱ्या संस्थेनेही नातं मान्य केलं.

या चाचणीची मर्यादा मात्र मुलीपाशी येते. हॅरिएट गोरी म्हणून वॉशिंग्टनमध्ये राहिली, एका प्रतिष्ठित गोऱ्याशी लग्न केलं, मुलं झाली. कुणाला पत्ता नव्हता. मॅडिसनला नवऱ्याचं नाव ठाऊक होतं, पण १८७३ च्या मुलाखतीत त्याने ते मुद्दाम सांगितलं नाही. बहिणीच्या मुलांची आजी गुलाम होती हे उघड झालं असतं तर त्यांचं गोरेपण संपलं असतं. तिच्या वंशजांपर्यंत कागदही पोचत नाहीत आणि वाय गुणसूत्रही. चेस-रिबू यांनी १९९४ मध्ये तिच्यावरच दुसरी कादंबरी लिहिली. नाव दिलं ‘द प्रेसिडेंट्स डॉटर’, ब्राउनच्या ‘क्लोटेल’चं उपशीर्षक होतं तेच.