एअर फ्रायर : आधी उकड, मग वारा

गोमंतकीय स्वयंपाकघरांत एअर फ्रायर ही आता नवलाईची वस्तू राहिलेली नाही. घरातील वडीलधाऱ्यांना डॉक्टरांनी तळलेले वर्ज्य करण्यास सांगितले, की बहुधा या यंत्राचाच विचार प्रथम होतो. काही दिवस उत्साहाने प्रयोग चालतात. मग बटाट्याच्या फोडी बाहेरून करपलेल्या आणि आतून कच्च्या निघतात, कंद वातड होतात, भज्यांचे पीठ जाळीतून खाली ओघळते. अखेरीस यंत्र माळ्यावर जाते, तेलाची कढई पुन्हा चुलीवर येते आणि ज्यांच्यासाठी खरेदी केली, त्यांचे पथ्य तेथेच संपते. दोष यंत्राचा असतोच असे नाही. बहुतेक वेळा चूक होते ती यंत्राचे स्वरूप ओळखण्यात.

नावात तळणे, कामात भाजणे

फिलिप्स कंपनीने २०१० साली बर्लिन येथील प्रदर्शनात आपला एअर फ्रायर मांडला आणि हे नाव जगभर रूढ झाले. मात्र या यंत्रात तळणे घडतच नाही. वरच्या बाजूला तापणारी तार, तिच्याजवळ वेगाने फिरणारा पंखा आणि खाली जाळीदार टोपली, एवढीच त्याची रचना. गरम वारा टोपलीतील पदार्थाभोवती फिरतो आणि पदार्थ भाजला जातो. थोडक्यात, ही पंखा असलेली लहानशी भट्टी आहे.

तेल पदार्थाला सर्व बाजूंनी चिकटून राहते आणि हवेपेक्षा कितीतरी वेगाने उष्णता आत पोहोचवते. म्हणूनच कढईत ओले पीठ सोडताच त्यावर कवच धरते. वाऱ्याला ते साधत नाही. पदार्थाच्या पृष्ठभागावर पाणी असेपर्यंत उष्णता त्या पाण्याची वाफ करण्यातच खर्च होते आणि तोवर रंग येत नाही, कुरकुरीतपणाही येत नाही. उलट पदार्थ फार वेळ वाऱ्यात ठेवला, तर आतील ओलावाही निघून जातो आणि तो चामड्यासारखा होतो. आतून शिजणे आणि बाहेरून खरपूस होणे ही दोन कामे वेगळी केली, तर हा पेच सुटतो. ही युक्ती नवी नाही. माळव्यातील स्वयंपाकघरांत ती पूर्वापार वापरात आहे.

बदनावरचा धडा

मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात, रतलामच्या वाटेवर बदनावर हे तालुक्याचे गाव आहे. १७ सप्टेंबर २०२५ रोजी या तालुक्यातील भैंसोला येथे वस्त्रोद्योग उद्यानाची पायाभरणी झाली, तेव्हा हे नाव देशभरच्या बातम्यांत आले. मराठी वाचकांचे त्याच्याशी नाते जुने आहे. माळव्यात स्थिरावलेल्या पवार घराण्याच्या धार संस्थानातील बदनावर हा एक परगणा होता. धार, देवास, इंदूर या पट्ट्यातील मराठी घरांनी महाराष्ट्राच्या पुरणपोळीबरोबर माळव्याचे दाल-बाफलेही आपलेसे केले.

बाफला म्हणजे जाडसर गव्हाच्या पिठाचा गोळा. पिठात मीठ, ओवा, हळद आणि तुपाचे मोहन घालून ते घट्ट मळतात. कोणी थोडे मक्याचे पीठही घालतात. राजस्थानी बाटी थेट निखाऱ्यावर जाते. बाफला मात्र आधी उकळत्या पाण्यात सोडतात. तो वर तरंगू लागला की काढून निथळतात, सुकवतात आणि मग शेणाच्या गोवऱ्यांवर भाजतात. शेवटी तो तुपात बुडवला जातो.

या उकडण्यात सारे मर्म आहे. गरम पाण्यात पिठातील पिष्ट फुगते आणि गोळ्यावर चिकट थर तयार होतो. भाजताना तो थर सुकून पातळ, खुसखुशीत कवच बनतो आणि आतील भाग मऊ राहतो. आतले शिजवण्याचे काम पाण्याने आधीच बरेचसे केलेले असते. निखाऱ्याकडे उरते ते केवळ बाहेरचे काम. एअर फ्रायरलाही नेमके एवढेच काम चांगले जमते.

म्हणून बाफले या यंत्रात उत्तम होतात. लिंबाएवढे गोळे सुमारे १५ मिनिटे उकळावेत, निथळून कापडावर २० मिनिटे सुकू द्यावेत. यंत्र तीन-चार मिनिटे आधी तापवून १८० अंशांवर १५ ते २० मिनिटे भाजावेत आणि निम्म्या वेळाने उलटावेत. गोवरीच्या धुराचा वास येणार नाही. कवच मात्र येईल.

गराडू आणि आपली काटेकणगी

रतलाम-इंदूर परिसरात हिवाळ्यात मिळणारा गराडू हा कोनफळाच्या कुळातील कंद. तेथे तो आधी उकडून, मग तळून, वर जीरावन मसाला भुरभुरून आणि लिंबू पिळून खातात. येथेही रीत तीच : आधी पाणी, मग उष्णता. सोललेल्या फोडी सुरी किंचित अडखळत आत जाईल इतपत उकडाव्यात, पूर्ण कोरड्या कराव्यात, चमचाभर तेल हाताने चोळावे आणि २०० अंशांवर १२ ते १५ मिनिटे ठेवाव्यात. मसाला मात्र शेवटीच घालावा. आधी घातलेली कोरडी पूड वाऱ्याने उडते आणि जळून कडवट होते.

गोव्यातील काटेकणगी याच कंदकुळातील. ती आपल्याकडे उकडून खाण्याची रीत आहेच. उकडून सोललेल्या काटेकणगीच्या फोडींना खोबरेल तेलाचा हात लावून हाच प्रयोग करता येतो.

बटाटा कोणता, हेही महत्त्वाचे

माळव्याचा पठारी प्रदेश बटाट्यासाठी प्रसिद्ध आहे. येथील बटाट्यात घनभाग जास्त आणि साखर कमी असते, म्हणून वेफर्सच्या कारखान्यांकडून त्याला मागणी असते. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने वेफर्ससाठी काढलेल्या ‘कुफरी चिप्सोना’ या वाणांमागेही हाच निकष आहे. घनभाग सुमारे २० टक्क्यांहून अधिक असला, की काढून टाकायचे पाणी कमी राहते आणि फोड कुरकुरीत होते.

घरी याची परीक्षा सोपी आहे. एक लिटर पाण्यात सुमारे १२० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बटाटा सोडावा. बुडाला तर पिठूळ, एअर फ्रायरला योग्य. तरंगला तर पाणीदार. तो रश्श्यासाठी ठेवावा.

साखरेची बाब याहून गंभीर आहे. बटाटा फ्रिजच्या थंडीत राहिला, की त्यातील पिष्टाची साखर होऊ लागते. असा बटाटा आत शिजण्यापूर्वीच बाहेरून काळपट होतो. हा केवळ रंगाचा प्रश्न नाही. साखर आणि बटाट्यातील अ‍ॅस्परजिन हे अमिनो आम्ल १२० अंशांच्या वरच्या तापमानात एकत्र आले, की अ‍ॅक्रिलामाइड हे रसायन तयार होते. २००२ साली स्वीडनमधील संशोधकांनी ते अन्नात आढळल्याचे जाहीर केले. प्रयोगशाळेतील प्राण्यांमध्ये ते कर्करोगकारक ठरले आहे. तेल कमी वापरल्याने हा धोका आपोआप टळत नाही. एअर फ्रायरमध्ये करपवलेल्या फोडीतही हे रसायन असतेच.

उपाय साधे आहेत. बटाटे फ्रिजबाहेर, अंधाऱ्या आणि हवेशीर जागी ठेवावेत. बोटाएवढे तुकडे करून अर्धा तास पाण्यात भिजवावेत, म्हणजे वरची साखर आणि सुटे पिष्ट धुऊन जाते. मग चार-पाच मिनिटे उकळावेत, कापडावर कोरडे करावेत आणि अर्ध्या किलोला एक मोठा चमचा तेल चोळावे. आधी १६० अंशांवर १० मिनिटे, नंतर १९० अंशांवर सहा ते आठ मिनिटे. रंग सोनेरी झाला की थांबावे. तपकिरी होण्याची वाट पाहू नये.

मासळीचा अपवाद

मासळीला उकडण्याचा नियम लागू नाही. ती लवकर शिजते आणि तिच्यात पिष्ट नसते. इसवणाचे तुकडे मीठ-मसाला लावून मुरवल्यावर सुटलेले पाणी टिपून घ्यावे, रव्यात घोळवावे आणि रव्यावर तेलाचा हात फिरवावा. कोरडा रवा तेलाविना पांढराच राहतो. १९० अंशांवर १० ते १२ मिनिटे पुरेशी होतात. पातळ पिठाची भजी मात्र कढईसाठीच ठेवावीत.

टोपली आणि प्लग

टोपली काठोकाठ भरणे ही सर्वांत सामान्य चूक. वारा फिरायला जागा राहिली नाही, की पदार्थ भाजण्याऐवजी वाफेत शिजतो. एकच थर लावावा, मधून एकदा टोपली हलवावी. माणसे अधिक असतील तर दोन घाणे काढावेत.

विजेचाही विचार हवा. १५०० वॉटचे यंत्र २३० व्होल्टवर सुमारे साडेसहा अँपिअर प्रवाह घेते. म्हणून ते सहा अँपिअरच्या साध्या प्लगला किंवा स्वस्त एक्स्टेन्शन बोर्डला जोडू नये. १६ अँपिअरचाच प्लग वापरावा. खर्चाची भीती मात्र फारशी नको. असे यंत्र २० मिनिटे अखंड चालले, तरी जास्तीत जास्त अर्धा युनिट वीज लागते.

माळ्यावर ठेवलेले यंत्र खाली काढताना पहिला प्रयोग कंदाचा किंवा बाफल्याचा करावा. पाण्याचे पातेले आणि कोरडे कापड ही दोन साधने आधी हाताशी असली, तर टोपलीतून निराशा निघणार नाही आणि पथ्य असलेल्या माणसाच्या ताटातही खरपूस घास पडेल.